चिऱ्याच्या घरात माडीपर्यंत वायरचं नेट हवंय, पण नवीन केबल ओढायची नाही

देवगडवाली

नमस्कार मंडळी,

घर देवगड तालुक्यात, चिऱ्याचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. बाहेरच्या भिंती जाड आहेतच, पण ओटी आणि माजघराच्या मधली भिंतही हातभर जाड. फायबर ओटीवर आलाय, ओएनटी (फायबर ज्यात येतो तो डबा) आणि राउटर तिथेच. माझं काम चालतं माडीवर, मागच्या खोलीत. तिथे २.४ गिगाहर्ट्झचे कसेबसे दोन दांडे येतात, ५ गिगाहर्ट्झ जिन्यातच साथ सोडतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा, माडीवर कधी ८ मिळतात, कधी २. मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो वेगळाच. सध्या महत्त्वाचा कॉल असला की लॅपटॉप घेऊन ओटीवर येऊन बसते आणि मागे खळ्यात आंब्याच्या पेट्यांवर खिळे ठोकणं चालू असतं.

अट एकच, नवीन केबल ओढायची नाही. भिंतीला ड्रिल लावायचं नाही आणि माळ्यावरूनही न्यायची नाही.

घरात आधीच असलेल्या तारा:
- जुन्या केबल टीव्हीची काळी वायर. ओटीवरून माडीवर आणि काकांच्या खोलीत गेलीय. केबल कधीच बंद झाली, आता छपरावर डिश आहे, तिची वायर वेगळी.
- लँडलाइनची वायर. माडीवर पूर्वी दुसरा फोन होता.
- लाईटचे पॉइंट, ते सगळीकडे आहेत.

यातलं काही वापरता येईल का? कुणी कोकणातल्या घरात केलंय का? अमेरिकेतले व्हिडिओ बघून झाले, त्यांच्या भिंती पुठ्ठ्याच्या असतात.

पुणे३०

प्रश्नच चुकीचा आहे. बाहेरून उन्हात टिकणारी कॅट सिक्स (नेटची केबल) घ्या, खिडकीच्या चौकटीतून आत घ्या, एका दुपारचं काम. बाकी सगळे जुगाड.

देवगडवाली

@पुणे३० घर सामायिक आहे, नुकताच रंग झालाय. सासूबाई म्हणतात, "गणपती होऊंदेत, मग बघू." गणपती दरवर्षी येतात.

वाडीकर

पुणेकरानू, तुमच्याकडे उंदीर नसतीत काय? माज्या माळ्यार टाकलली केबल उंदरांनी खाल्ल्यानी. अर्धी जाग्यार, अर्धी बिळात. ताई सांगता ता बरोबर आसा.

शृंगारतळी

मेश (एकच वायफाय घरभर पसरवणारे डबे) घ्या आणि मोकळ्या व्हा. तीन डबे, एक ओटीवर, एक माजघरात, एक माडीवर. आमच्याकडे मस्त चालतं.

खारे_वारे

@शृंगारतळी भाऊ, तुमचं घर स्लॅबचं आणि विटांचं असणार. मेशचे डबे आपापसात वायफायवरच बोलतात, म्हणजे जी भिंत ताईंना नडतेय तीच डब्यांनाही नडणार. चिरा भोकाभोकांचा, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि ओल्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ फारसं पुढे जात नाही. मेमध्ये चाललेलं जुलैत बंद पडतं ते यामुळे. डब्यांना मागून तार दिली तर मेश उत्तम. पण मग प्रश्न परत तारेवरच आला ना?

देवगडवाली ताई, काहीही विकत घेण्याआधी एक खातरजमा करा. लॅपटॉप राउटरला वायरने जोडा आणि राउटरला पिंग (हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) लावून ठेवा (बहुतेक पत्ता १९२.१६८.१.१ असेल). दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग. अर्धा तास चालू द्या, शक्यतो तुमच्या मीटिंगच्या वेळेतच. राउटरचं पिंग १ मिलिसेकंदाला स्थिर आणि बाहेरचं मात्र उड्या मारतंय, असं दिसलं तर दोष घरात नाही, खांबावर आहे. मग घरात सोन्याची तार घातलीत तरी उपयोग नाही. मग माडीवर जाऊन वायफायवरून हेच करा आणि आकडे इथे टाका.

शृंगारतळी

खांबावरूनच आठवलं, निसर्ग वादळात (३ जून २०२०) दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईटच नव्हती. तेव्हा कसली मेश आणि कसली केबल! असो, विटांचं घर हे बरोबर ओळखलंत.

देवगडवाली

केलं. ओटीवर वायरने: राउटर १ मिलिसेकंद, बाहेर २० ते २४, एकही पॅकेट हरवलं नाही. माडीवर वायफायने: राउटरचंच पिंग ४ पासून ९०० पर्यंत काहीही, मधेच टाइमआउट. म्हणजे फायबर निर्दोष, भिंत दोषी.

खारे_वारे

झकास. आता तुमच्या तीन तारांपैकी लाईटच्या तारेबद्दल लिहितो, कारण बाजारात सगळ्यात सहज तेच मिळतं.

पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी असते. एक राउटरजवळच्या पॉइंटमध्ये, दुसरा माडीवर. वीज ५० हर्ट्झवर वाहते आणि डेटा त्याच तारेवर २ मेगाहर्ट्झच्या वर. होमप्लग एव्ही साधारण २८ पर्यंत जातं, एव्ही२ ८६ पर्यंत. खोक्यावर ६००, १२०० असे आकडे असतात, ते तारेवरच्या कच्च्या वेगाचे, दोन्ही दिशा मिळून. हातात त्याचा पाव हिस्सा आला तरी समाधान मानावं. आणखी एक मेख: ६०० लिहिलेल्या कित्येक डब्यांना लॅन पोर्ट (नेटची वायर लावायचं तोंड) मात्र १०० चाच असतो. खोकं उलटं करून बारीक अक्षरं वाचा.

कुठे अडतं:

एक म्हणजे फेज. घरात थ्री फेज असेल आणि ओटी एका फेजवर, माडी दुसऱ्यावर असेल, तर सिग्नल जेमतेम पोचतो किंवा पोचतच नाही. आपल्याकडे विहिरीच्या पंपासाठी थ्री फेज घेतात आणि वायरमन घराचे पॉइंट तिन्हींवर वाटून टाकतो. बोर्ड उघडून तेवढं त्यालाच विचारा.

दुसरं, एक्स्टेन्शन बोर्ड. त्यातल्या स्पाइक गार्डला डेटा आणि गडबड यांतला फरक कळत नाही, तो दोन्ही गिळतो. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा.

तिसरं, अर्थिंग. महागडे अडॅप्टर फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही तारा वापरून वेग वाढवतात. दोन गोल पिनांचा डबा आपल्या सॉकेटात घुसतो खरा, पण अर्थ जोडला जात नाही, त्यामुळे तो जादा वेगही मिळत नाही. जुन्या घरात अर्थची तार नुसती दाखवायला असते हेही आहेच.

शेजाऱ्याकडेही असे डबे असतील तर जोडणीचं बटण दाबून आपली जोडी स्वतंत्र करून घ्या. डेटा एन्क्रिप्ट होतो, पण बटण दाबायचा कंटाळा करू नये.

होमस्टेवाला

मालवणकडे आमच्या चार खोल्या आहेत, पॉवरलाइन दोन वर्षांहून जास्त वापरतोय, म्हणून खरं काय ते सांगतो. चालतं. पाहुण्यांना व्हिडिओ बघायला पुरतं. रात्री ७०-८० मिळतात. सकाळी स्वयंपाकघरात नारळाचं वाटण लावलं, मिक्सर फिरला, की ८० चे १५ होतात आणि मिक्सर थांबला की परत वर. पंप सुरू होताना एक झटका. स्वस्तातल्या एलईडी बल्बांचाही त्रास होता, एका खोलीतले दोन बदलल्यावर फरक दिसला. मोबाइलचे भुक्कड चार्जर त्याच बोर्डावर लावू नका.

ताई, तुम्हाला मीटिंगसाठी हवं असेल तर विचार करा. व्हिडिओ बघताना हा झटका कळत नाही, तो थोडं पुढचं आधीच उतरवून ठेवतो. बोलताना मात्र लगेच कळतो.

देवगडवाली

आमच्याकडे वाटण दहा वाजता आणि माझी रोजची मीटिंगही दहाला. 🙂 आणि लाईट गेली की? इन्व्हर्टर आहे, पण त्यावर ठरावीक पॉइंटच आहेत.

खारे_वारे

तिथेच पॉवरलाइनची पंचाईत होते. एक डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणि दुसरा साध्यावर असेल, तर लाईट गेल्याबरोबर दुसरा मेला. दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर असतील तर चालू शकतं, पण स्क्वेअर वेव्हवाला जुना इन्व्हर्टर असेल तर तो स्वतःच इतकी खरखर सोडतो की वेग पार बसतो. आणि आपल्याकडे नेट नेमकं तेव्हाच हवं असतं, जेव्हा लाईट नसते.

काका कुठे आहेत? @निवृत्त_लाईनमन, या आता.

निवृत्त_लाईनमन

आलो. दुपारचा जरा पडलो होतो.

ताई, तुम्ही दिलेल्या यादीत पहिली ओळ वाचली आणि म्हटलं, हिला बाकी कशाची गरजच नाही. ती काळी केबल म्हणजे कोॲक्स. टीव्हीसाठी टाकलेली, भिंतीत आधीच गेलेली, आणि तुमच्या बाबतीत रिकामी. घरात यापेक्षा चांगली तार वीजवाल्यांनीही टाकलेली नाही आणि आम्ही टेलिफोनवाल्यांनीही नाही. मधे एक तार, भोवती जाळीचं कवच, म्हणजे मिक्सरची खरखर आत शिरत नाही.

यावर चालणाऱ्या अडॅप्टरच्या मानकाला मोका म्हणतात. मोका २.५ हे २०१६ सालचं, तारेवर २.५ जीबीपीएसपर्यंत. जुनं मोका २.० मिळालं तरी तुमच्या १०० च्या प्लॅनला भरपूर. उशीर तीन-चार मिलिसेकंदांचा आणि तो स्थिर, मीटिंगला नेमकं तेच लागतं. दोन डबे लागतात, एक राउटरच्या लॅन पोर्टला आणि एक माडीवर. सेटिंग जवळजवळ काही नाही. अडचण इतकीच की इथल्या दुकानात विचारलंत तर दुकानदार कॉफी देईल. बाहेरून मागवावे लागतात आणि जोडी पॉवरलाइनपेक्षा महाग पडते. जी.एचएन नावाचं दुसरं मानक आहे, तेही कोॲक्सवर चालतं. पण दोन्ही टोकांना एकाच मानकाचे डबे हवेत, एक हा आणि एक तो असं जमत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिशच्या वायरला हे लावू नका. डिशवरून टीव्हीच्या डब्याकडे जो सिग्नल येतो तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो. मोका बोलतं ११२५ ते १६७५ मध्ये, म्हणजे बरोबर त्याच्या पोटात. दोघं एका तारेवर आले की टीव्हीही जाईल आणि नेटही. शिवाय त्या तारेवर डिशच्या तोंडाकडे १३ किंवा १८ व्होल्ट चढवलेले असतात, ते अडॅप्टरला नकोत. केबल टीव्हीबरोबर मात्र मोका सुखाने नांदतं, कारण केबल त्याच्या खालच्या भागात संपते. परदेशातल्या व्हिडिओत केबल टीव्ही असते म्हणून ते लोक हे बोलत नाहीत, आणि आपल्याकडे तर घरोघर डिश.

तुमची केबल मेलेली आहे म्हणता, तर तीन कामं करा:

बाहेर खांबाकडे गेलेला तिचा तुकडा आधी घरापासून सोडवा. सिग्नल बाहेर जाऊ नये हे एक, पण मला काळजी विजेची आहे. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात काय कडाडतं ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरची तांब्याची तार घरातल्या यंत्राला जोडलेली ठेवणं म्हणजे आमंत्रणच.

मधे कुठेतरी स्प्लिटर (एका वायरीचे फाटे करणारा जोड) असेल, तो शोधा. त्यावर काय छापलंय ते इथे लिहा. बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) असेल तर तोही काढा, त्यातून मोका पलीकडे जात नाही.

टोकांचे कनेक्टर तपासा. खाऱ्या हवेत ते धड राहिले असतील तर मला आश्चर्य वाटेल.

पुणे३०

मेलेल्या केबलसाठी बाहेरून महागडे डबे मागवायचे! त्या पैशात चार घरांना कॅट सिक्स होईल.

निवृत्त_लाईनमन

होईल की. त्या चार घरांत सासूबाई नसतील.

वाडीकर

काकानू 😂😂

शृंगारतळी

काका, फोनच्या वायरचं काय? ती तर सगळ्या जुन्या घरांत आहे.

निवृत्त_लाईनमन

ती माझ्या हातची, तिच्याबद्दल मीच वाईट बोलणार. लॅनला निदान दोन जोड्या, म्हणजे चार तारा लागतात. आम्ही घरात एकच जोडी आणत होतो, म्हणजे तिच्यावर लॅन थेट चालत नाही. व्हीडीएसएलचे (फोनच्या तारेवरून नेट नेणारे) एक्स्टेंडर मिळतात, एका टोकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह, ते मात्र एका जोडीवर चालतात. घरातल्या अंतरावर १०० एमबीपीएसच्या आसपास. कोॲक्स नसेल त्यांनी जरूर बघावं. मात्र आधी रोझेट (फोनच्या वायरची भिंतीवरची डबी) उघडून बाहेरून आलेली जोडी सुटी करा, नाहीतर तुमचं नेट एक्स्चेंजच्या दिशेने निघेल. फायबर घेतल्यावर लँडलाइन ओएनटीच्या फोन पोर्टमधून चालते, त्यामुळे आतली तांब्याची जोडी बहुतेकांकडे रिकामीच पडून आहे.

देवगडवाली

काका, सापडला! जिन्याखाली पत्र्याच्या डबीत. एक आत, तीन बाहेर. वर "५–१००० मेगाहर्ट्झ" छापलंय. एका तोंडात मुंग्यांनी घर केलंय. ओटीकडून आलेली वायर, माडीची आणि काकांच्या खोलीची, अशा तीन लागलेल्या. खांबाकडची वायर बाहेरच कापलेली दिसतेय. कनेक्टर हातात घेऊन फिरवला तर हिरवी-पांढरी भुकटी पडली आणि आतली जाळी तुटून हातात आली.

निवृत्त_लाईनमन

शाबास. १००० चा स्प्लिटर मोकाला चालत नाही, ते त्याच्या वरच बोलतं. काही वेळा नशिबाने थोडं निघतं, पण नशिबावर कशाला जायचं? तो काढून फेका. तुम्हाला सध्या ओटी ते माडी एवढंच हवंय ना? मग स्प्लिटर लागतच नाही. ओटीची वायर आणि माडीची वायर थेट एकमेकींना जोडा, दोन्ही बाजूंनी आटे असलेला छोटा जोड मिळतो, डिश लावणाऱ्या पोराकडे खिशात असतो. काकांच्या खोलीची वायर मोकळी राहू द्या.

कनेक्टर बदलायचेच. वायर तिथून मागे कापत या, जाळी चकचकीत आणि मधली तार स्वच्छ दिसेपर्यंत. हिरवट दिसली की आणखी बोटभर कापा, दया दाखवू नका. नुसता पिळून बसवायचा कनेक्टर घेऊ नका, दोन पावसाळ्यांत परत हीच भुकटी होईल. कॉम्प्रेशनचा घ्या, त्याचा चिमटा डिशवाल्याकडे असतो, चहा पाजून त्याच्याकडूनच बसवून घ्या. मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. जाळीचा एकही केस तिला चिकटता कामा नये, सगळा घोटाळा तिथेच होतो.

मग मल्टिमीटर लावा. माडीचं टोक मोकळं असताना ओटीवर मधली तार आणि कवच यांत बीप येता कामा नये. माडीवर दोन्ही टेकवून धरले की बीप यायला हवा. एवढं झालं की तार जिवंत.

वायरवर आरजी-६ लिहिलंय की आरजी-५९ तेही बघा. ५९ थोडी बारीक, तिच्यात सिग्नल जास्त जिरतो. पण घरातल्या वीस-तीस मीटरला काही बिघडत नाही.

खारे_वारे

काकांच्या बोलण्यात माझी एक भर, लाईट गेल्यावरची. मोकाचे डबे भिंतीत खोचायचे नसतात, बहुतेक छोट्या डीसी अडॅप्टरवर चालतात. म्हणजे ओटीवर राउटर, ओएनटी आणि मोका एका मिनी यूपीएसवर, माडीवर दुसऱ्यावर. व्होल्टेज आणि पिनची दिशा मात्र जुळवून घ्या, ५ चा डबा १२ वर लावलात तर धूर. मग लाईट नसली तरी तार चालूच.

माडीवर लॅपटॉपशिवाय मोबाइललाही हवं असेल तर घरातला जुना राउटर काढा. त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता बदलून १९२.१६८.१.२ सारखा ठेवा, आणि मोकाची तार त्याच्या वॅनमध्ये (बाहेरचं नेट घेणाऱ्या पोर्टात) न लावता लॅन पोर्टात लावा. वायफायचं नाव-पासवर्ड खालचाच द्या.

होमस्टेवाला

जाता जाता एक विचारतो. आमची पाचवी खोली आगरात, वेगळी, मधे माड. तिथवर जुनी कोॲक्स गेलीय. मोका लावू?

निवृत्त_लाईनमन

दोन इमारतींच्या मधे तांबं नको. त्या माडांवर वीज पडली की ती तारेवाटे दोन्हीकडचे डबे नेईल. समोरासमोर दिसत असेल तर वायरलेस ब्रिजची जोडी, नाहीतर फायबरचा तुकडा. फायबरमधून वीज येत नाही. तोही झाडांवरून लोंबकळत नेऊ नका, एक झावळ पडली की संपलं. जमिनीतून पाइपात घाला. तुमच्याकडे सासूबाईंची अट नसावी.

देवगडवाली

कळवायला उशीर झाला, डबे यायला वेळ लागला. भाच्याने येताना आणले, मोका २.५ ची जोडी. कनेक्टर डिशवाल्याने बसवले. चहा घेतला, वर कोकमाची बाटली नेली. वायर आरजी-५९ निघाली.

माडीवरून राउटरचं पिंग आता ४ मिलिसेकंद, फार तर ५. स्पीड टेस्टला ९४, म्हणजे ओटीवर वायरने येतो तेवढाच. कालच्या दहाच्या मीटिंगला खाली मिक्सर चालू होता आणि पंपही. कुणी काही बोललं नाही. लाईट गेली तेव्हाही मिनी यूपीएसवर चालू राहिलं, खालचं बारा व्होल्टचं आहे, मोकाचंही बारा निघालं.

आता काकांनी (घरातल्या) बघितलंय. त्यांना खोलीत टीव्हीवर किर्तनं बघायची आहेत, वायफाय त्यांच्याकडेही पोचत नाही. तिसरा डबा लावता येतो का? की पुन्हा वेगळी जोडी लागेल?

खारे_वारे

जोडी नको, एकच डबा पुरे. एका कोॲक्सवर १६ पर्यंत लागतात. पण आता तिन्ही वायरी एकत्र आणायच्या म्हणजे जिन्याखाली परत स्प्लिटर आला, आणि त्यावर निदान ५–१६७५ मेगाहर्ट्झ लिहिलेलं हवं. दोनच फाट्यांचा घ्या, तीनचा नको, रिकामं तोंड राहिलं तर त्यावर ७५ ओहमची टोपी लावावी लागते.

निवृत्त_लाईनमन

आत येणारी तार ओटीची ठेवा, फाटे माडीला आणि काकांच्या खोलीला. आणि ती डबी मुंग्यांपासून बंद करा. कनेक्टर हाताने आवळून सोडू नका, ११ चा पाना घ्या, हाताने बसल्यावर पाव फेरा. जास्त जोर नको, आटे पितळी असतात.

देवगडवाली

११ चा पाना पंपाच्या पेटीत आहे. स्प्लिटर मागवते.